गोगलगाईतला उजेड

न विचारता केलेले हित आणि उघडपणे केलेला अपकार, यांपैकी मनाला अधिक काय जाचते, याचा निवाडा सहजी होण्यासारखा नाही. अपकार करणाऱ्यावर रागावता तरी येते. त्या रागाला एक सरळ वाट असते. हित करणाऱ्यावर रागावणारा मनुष्य मात्र प्रथम स्वतःच्याच नजरेत कृतघ्न ठरतो, आणि कृतघ्न ठरल्याची चीड मूळच्या रागात मिसळून दोन्ही आत आंबत राहतात. ज्याचे हित झाले त्याने हात जोडावेत अशी जगाची अपेक्षा असते. त्याच्या मनात मात्र एकच प्रश्न घुमत असतो: माझ्या घरात हात घालण्यापूर्वी मला एक शब्द विचारला असता, तर तुमच्या हिताचे काय बिघडले असते?

शेडमास्तरांनी तो प्रश्न त्या संध्याकाळी मोठ्याने विचारला नाही. ते घरगाडीच्या, म्हणजे चाकांवरच्या आपल्या घराच्या, दोन पायऱ्या चढले, काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि दाराशेजारचे बटण अंधारातच चाचपून दाबले. त्या बटणाची जागा त्यांच्या बोटांना स्वतःच्या नाकाइतकी पाठ होती. खटका वाजला, आणि गाडीभर जो उजेड सांडला तो पाहून ते दारातच थबकले. क्षणभर वाटले, आपण परत दवाखान्यातच शिरलो. घडीच्या टेबलावरची ओरखड्यांची जाळी, शेगडीच्या कडेचा गंज, भिंतीवरच्या नकली लाकडाचा सुटलेला पापुद्रा, सगळे उघडे पडल्यासारखे दिसत होते. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण कुणी ओढून घ्यावे तसे. जिथे रोज संध्याकाळी मधासारखा दाट, पिवळा, कोपऱ्यांत तपकिरी होत जाणारा उजेड असायचा, तिथे पाण्यासारखे पातळ, निळसर पांढरे काहीतरी पसरले होते. आणि गाडीला वास नव्हता. दिवा लावल्यावर तापत्या प्लॅस्टिकचा, भाजल्या धुळीचा, झाकणात अडकून मेलेल्या चिलटांचा जो एक वास पसरायचा, जो इतक्या वर्षांत घराचा वास होऊन बसला होता, तो नव्हता.

मागून मुलगी पिशवी घेऊन चढली. "कसं वाटतंय, बाबा? सगळे बदलले. एकूण एक. एलईडी."

तिच्या आवाजात जो आनंद होता तो मास्तरांना सर्वात आधी झोंबला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईचा, प्रयोग जमल्याचा आनंद. वडील उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी दवाखान्यात आणि मग तिच्या घरात पट्टी बांधून पडलेले असताना ती या गाडीत आली, छताखाली स्टुलावर उभी राहिली, एकेक झाकण काढले, एकेक दिवा दाबून-फिरवून उपसला आणि त्या जागी या चकत्या बसवल्या. म्हणजे तिने पुष्कळ कष्ट केले. म्हणजे आता आपण पुष्कळ आनंद दाखवायचा.

"कुणी सांगितलं होतं?" मास्तर म्हणाले.

"सांगायला कशाला हवं? मागच्या वेळी बॅटरी बसली आणि तुम्ही अंधारात पायरीवरून पडलात. शेगडीवरचं झाकण तर वितळून खाली आलं होतं. एक दिवस गाडीसकट जळाला असतात. हे दिवे तापत नाहीत, आणि बॅटरी आठवडाभर—"

"वर्ग भरवू नकोस. जुने कुठे आहेत?"

तिने पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "टाकले."

मास्तरांनी बटण पुन्हा दाबले आणि अंधारात जाऊन बसले. मुलीने जाण्यापूर्वी अंधारातच त्यांच्या डोळ्यात थेंब घातले; थेंब गालावरून ओघळला आणि तिने तो पुसला.

गाडीला गोगलगाय हे नाव त्यांच्या पत्नीने ठेवले होते. मास्तर कापडगिरणीच्या रंगखात्यातून, नमुन्याशी कापडाचा रंग जुळवणारे शेडमास्तर म्हणून, निवृत्त झाले तेव्हा ही गाडी त्यांनी जुनीच घेतली. मूळ मालकाने तिच्यात निम्मे जग पाहिले होते आणि उरलेले निम्मे पाहण्याची तिची हिंमत राहिली नव्हती. चढावर ती अशी चालायची की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत आणि पुढे जाताना खिडकीतून वाकून पाहत. "वाजवू द्या हो," पत्नी म्हणायची, "गोगलगाय कधी कुणाला आडवी गेलीये का?" मुक्काम नदीकाठी असो की एखाद्या पेट्रोलपंपामागे ट्रकांच्या रांगेत, बाहेरचे गाव रोज वेगळे असे; पण सूर्य मावळला की ती पुढून मागे येऊन टेबलापलीकडच्या आसनावर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "लावा आता." मग ते दिवा लावत, आणि गाव कुठलेही असले तरी घर तेच होई. तो उजेड तिच्या कपाळावर पडायचा, चष्म्याच्या काड्यांवर पडायचा, ती सोलत असलेल्या संत्र्याच्या सालीवर पडायचा. ती गेल्यानंतर मास्तरांनी गाडी मुलीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली, ती पुन्हा हलवली नाही. घरात येऊन राहा, म्हणून मुलीने किती विनवले. ते आले नाहीत. लोकांना वाटे म्हातारा हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. रोज संध्याकाळी बटण दाबल्यावर समोरच्या रिकाम्या आसनावर तोच उजेड पडे, आणि जो उजेड तिच्यावर पडला होता तो अजून तिथे पडतो आहे एवढ्या आधारावर त्यांची रात्र निघे. हे कुणाला सांगण्यासारखे नव्हते. सांगितले असते तर मुलगी रडली असती आणि जावयाने विनोद केला असता.

विनोद जावयाने केलाच. दुसऱ्या दिवशी तो जेवणाचा डबा घेऊन आला, छताकडे पाहून खूश झाला आणि म्हणाला, "बाबा, आता बॅटरी तुमच्यापेक्षा जास्त टिकणार बघा." स्वतःच हसला. मास्तरांनी डबा घेतला आणि दार लावून घेतले. जावई बिचारा वाईट नव्हता. त्याला शांतता सहन होत नसे एवढेच. पण त्या आठवड्यात मास्तरांना कुणाचेच 'एवढेच' समजून घ्यायचे नव्हते. दिवसा ते डॉक्टरीणबाईंनी बजावल्याप्रमाणे काळ्या चष्म्याआड राहत, तेव्हा जगाला रंगच नसे आणि म्हणून भांडणही नसे. संध्याकाळी चष्मा निघाला, दिवा लागला, की राग त्यांच्यासमोर येऊन बसे, पत्नीच्याच जागी. ते झाकणांकडे पाहत. तीसुद्धा मुलीने धुतली होती. घासूनपुसून, साबणाने. कित्येक वर्षांची तपकिरी चढलेली ती झाकणे दातांसारखी पांढरी चकचकत होती. एक तरी गोष्ट सोडावी ना, माणसाने! मेलेली चिलटेसुद्धा झाडून नेली. त्यांना वाटे, उद्या ही माझ्या डोक्यावरचे केसही काढून नवे लावील, आणि वर विचारील, कसं वाटतंय? ते दिवा मालवत, थोड्या वेळाने पुन्हा लावत, जणू एखाद्या वेळी बटण चुकेल आणि जुना उजेड येईल. येत नसे. तळहात वर धरला तर ऊबही लागत नसे. जुन्या दिव्याखाली बसले की टाळूवर कुणी हात ठेवल्यासारखे वाटायचे. आणि मालवल्यावर थंड होत जाणारे झाकण टिक, टिक असे कितीतरी वेळ बोलत राहायचे, निजताना बाई उशिरापर्यंत काहीबाही बोलत राहते तसे.

मुलगी थेंब घालायला येई. दिवसातून तीनदा, शाळेला जाण्याआधी, आल्यावर, आणि निजायच्या आधी. तिच्या बोटांना फळ्याच्या शाईचा वास असे. एका संध्याकाळी तिने त्यांना समजवण्याचा पुन्हा प्रयत्न केला. "बाबा, मी मुद्दाम पिवळे आणलेत. पांढरे स्वस्त होते. दुकानदार म्हणत होता पांढरे न्या, उजेड जास्त. मी म्हटलं नाही, आमच्या बाबांना रंगाचं कळतं, जुन्या दिव्याच्या जवळात जवळचा द्या. हे बघा." तिने टेबलावरच्या छतातले झाकण काढले आणि दिवा बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. रुपयाएवढी चकती, तिच्यावर पिवळ्या ठिपक्यांची ओळ. "दिसतात ना पिवळे?"

"विझल्यावर पिवळा आणि पेटल्यावर पांढरा! हा दिवा आहे की सरडा?"

"पेटल्यावरही पिवळाच आहे, बाबा."

"मला सांगतेस?" त्यांचा आवाज चढला. "मला? आयुष्य गेलं माझं रंग जुळवण्यात. गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडून कापडाचा बोटाएवढा तुकडा पाठवायचं आणि मी त्याच्याशी जुळणारं ठाणच्या ठाण काढून द्यायचो. एकही परत आलं नाही. आणि तू मला पिवळा म्हणजे काय ते सांगतेस?"

मुलीने चकती परत बसवली. ती लागली नाही. ती उलटी फिरवून बसवली तेव्हा लागली. "यांना सरळ-उलटं असतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "जुन्यांना नव्हतं. पहिल्या दिवशी निम्मे लागेनात, मला वाटलं मीच गाडी बिघडवली. घाम फुटला होता." मग वडिलांकडे न पाहता तिने जे सांगायचे होते ते सांगितले. "दवाखान्यातून फोन आला होता. डाव्या डोळ्याचं परवा ठरलंय. उद्या सकाळपर्यंत नक्की कळवा म्हणाल्या."

"कळव. येत नाही म्हणावं."

"बाबा!"

"डाव्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. उजव्याला लावला तेवढ्यात तुम्ही माझं घर बदलून टाकलंत. डाव्याच्या वेळी काय करणार? गाडी विकणार?"

मुलीचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "डाव्यातून तुम्हाला पायरीसुद्धा दिसत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो तसाच ठेवला तर तुम्हाला एकटं राहू देता येणार नाही. मग घरातच यावं लागेल. मी तुम्हाला गाडीत राहता यावं म्हणून..." वाक्य तसेच सोडून ती उठली. पिशवी उचलून गेली. तिच्या पायांखाली गोगलगाय किंचित हलली आणि स्थिरावली.

म्हणजे असे होते. डोळा दिला तर गाडी राहणार होती, पण जी राहणार होती तिच्यात तो उजेड नव्हता. डोळा न दिला तर गाडीच जाणार होती. मास्तरांना वाटले, हिशेब कुणी केला हा, माझ्या वतीने? ज्याचे त्याने आपल्या घराचे आणि आपल्या डोळ्यांचे ठरवावे एवढीही मोकळीक म्हातारपणी उरत नाही. सगळे प्रेमाने चाललेले असते. बांधलेली दोरी मऊ असली म्हणजे ती दोरी नसते काय? ते उठून गाडीत तीन पावले पुढे, तीन पावले मागे असे फिरू लागले. त्या गाडीत याहून जास्त रागावायला जागाच नव्हती.

फिरता फिरता त्यांना थोरले आठवले. थोरले म्हणजे रंगखात्यातले त्यांच्या आधीचे शेडमास्तर, ज्यांच्या हाताखाली ते शिकले. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट रंगाची नव्हती, उजेडाची होती. एका दिव्याखाली सख्ख्या भावांसारखे दिसणारे दोन तुकडे दुसऱ्या दिव्याखाली एकमेकांची ओळख दाखवत नाहीत. म्हणून खात्यात दिव्यांची एक पेटी होती, तिच्यात दिवसाचा, दुकानातला, घरगुती असे वेगवेगळे उजेड, आणि प्रत्येकाखाली तुकडा धरून पाहिल्यावाचून मंजुरी नाही. पाहण्याआधी राखाडी पुठ्ठ्याकडे टक लावून डोळ्याला विसावा द्यायचा. "डोळा झोपवून उठवावा, मग विचारावं," थोरले म्हणायचे. आणि दर वर्षी हाताखालच्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचे, स्वतःचे सोडून. त्याच थोरल्यांनी मंजूर केलेल्या कापडाची ठाणे पुढे पुढे परत येऊ लागली. गिऱ्हाइके म्हणत, निळ्याचा जोर आहे. थोरले पेटीपाशी जाऊन ओरडत, "दिवे बदललेत कुणीतरी! माझ्या पेटीतले दिवे कोण बदलतंय?" दिवे कुणीच बदलले नव्हते. तरुण पोरे तोंड फिरवून हसत. मास्तर स्वतः तेव्हा तरुण होते. थोरले निवृत्त होऊन गेले त्या दिवशीही पेटीकडे रागाने पाहतच गेले. ही आठवण आज का यावी, ते मास्तरांना कळले नाही. किंवा कळले, आणि त्यांनी तिला दार उघडले नाही. इथे गोष्ट निराळी होती. इथे दिवे खरोखरच बदलले होते. मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगत होती, सगळे बदलले, एकूण एक.

आणि पडदे होतेच की पुरावा म्हणून. खिडक्यांचे पडदे मास्तरांनी स्वतः रंगवले होते, गिरणीतल्या शेवटच्या आठवड्यात, छोट्या नमुनाकढईत. कढईतले शेवटचे कापड स्वतःच्या घरासाठी काढू दिले होते त्यांना; तेवढा मान होता. पत्नीला हवा होता भाजक्या मातीसारखा, दुधाविना चहासारखा तपकिरी. पिवळा, तांबडा, निळा, तीनच भुकट्या. बाकी सगळा हात. कापड सुकल्यावर त्यांनी ते या गाडीत आणून दिव्याखाली धरले आणि स्वतःवरच खूश झाले. पत्नी बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "छान आहे. पण हिरवट झाक नाही का मारत जरा?" ते म्हणाले, "तुला रंगातलं काय कळतं?" हसतच म्हणाले होते. तीही हसली होती. त्यानंतर तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि पडदे मधाच्या उजेडात मधासारखेच दिसत राहिले. आता त्याच पडद्यांकडे पाहवत नव्हते. नव्या दिव्यांनी त्यांच्यावर शेवाळ चढवले होते. सांडपाण्याच्या कडेला असते तसले. त्यांच्या हातचे शेवटचे काम, तिने निवडलेला रंग, आणि या चकत्यांनी त्याची अशी विटंबना करावी! मास्तरांनी पडदा मुठीत धरला. काहीतरी फाडावे असे त्यांना फार वाटले. फाडले नाही. कापड बोटांना तेच लागत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीने दवाखान्याला काय कळवले ते त्यांनी विचारले नाही. संध्याकाळी भांडे विसळायला नळ सोडला तर पाणी आले नाही. आसनाखालच्या खणात पाण्याचा पंप होता, त्याची नळी अधूनमधून निसटायची. त्यांनी गादी बाजूला केली, फळी उचलली आणि खणात हात घालून नळी चाचपू लागले. नळी हाताला लागली, ती बसवली, आणि हात मागे घेताना बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत, धुळीने मढलेले लागले. काच. पंप दुरुस्त करताना दिसावे म्हणून मूळच्या कारखान्याने तिथे एक दिवा बसवला होता, त्याचे बटण केव्हाच कुजून गेले होते. गाडी घेतल्यापासून तो एकदाही लागला नव्हता. दिवा होता हेच सगळे विसरले होते. मुलीला तो माहीतच नव्हता. एकूण एक, म्हणे! मास्तरांनी तो दाबला, फिरवला, बाहेर काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि कानाशी धरून हलवला. आतली तार शाबूत होती. त्यांना इतका आनंद झाला की तो आनंद आहे की सूड हे त्यांनी तपासले नाही. ते दारात गेले आणि घराच्या दिशेने हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मुलगी धावत आली. हात ओले होते. "काय झालं? पडलात का?"

"बस. तिथे नको, इकडे बस. तुला पिवळा म्हणजे काय ते दाखवतो." त्यांनी टेबलावरच्या छतातल्या झाकणातून चकती काढून खिशात टाकली आणि त्या जागी हातातला दिवा बसवला. दाबला, फिरवला, बोटे चुकली नाहीत. शेजारच्या आसनावरच्या छतातला नवा दिवा तसाच ठेवला, मुद्दाम, म्हणजे दोन तुकडे शेजारी-शेजारी धरल्यासारखे होईल. "जुना आणि नवा. नीट बघ. डोळे तुझे चांगले आहेत."

त्यांनी बटण दाबले.

दोन्ही दिवे लागले. मास्तरांनी जुन्याकडे पाहिले. मग नव्याकडे. मग पुन्हा जुन्याकडे, आणि या खेपेला बराच वेळ. फरक होता. जुना किंचित तांबूस होता. आयुष्यभर त्यांनी असा फरक दिसल्यावर तुकड्याच्या पाठीवर 'चालेल' असे लिहून पुढे धाडले असते, इतका. पण तो मध कुठे होता? तो दाट, कोपऱ्यांत तपकिरी होत जाणारा उजेड? पुरावा म्हणून स्वतः उभा केलेला साक्षीदार भर कचेरीत उलटावा तसे झाले. मास्तर हात उंचावून काच धरायला गेले आणि चटका बसला. ऊब खरी होती. वास येऊ लागला होता, तापल्या धुळीचा, तोच. दिवा तोच होता. सगळे तेच होते.

'बघा, मी म्हणत नव्हते का?' हे मुलीने म्हटले असते तर त्यांना त्या क्षणी फार मोठा आधार झाला असता. रागाला उभे राहायला जागा मिळाली असती. ती आपले ओले हात मांडीवर पुसत नुसती बसून राहिली.

तेव्हा थोरले आपोआप आत आले. दार उघडावे लागले नाही. 'डोळा झोपवून उठवावा, मग विचारावं.' मास्तरांनी डोळे मिटले, थोडा वेळ मिटलेलेच ठेवले. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डावा उघडला.

मध.

धूसर होता, आकार वितळले होते, मुलीचा चेहरा नुसता एक उजळ डाग होता. पण मध होता, तोच, तितकाच दाट. जुन्या दिव्यातून येत होता आणि चकतीतूनही येत होता. धुतलेल्या झाकणांवर तपकिरी परत चढली होती. पडदा दुधाविना चहासारखा होता. त्यांनी हात डाव्या डोळ्यावर नेला आणि उजवा उघडला. पांढरे. दोन्ही दिवे पांढरे, आणि पडदा शेवाळी. पुन्हा हात फिरवला. मध. पुन्हा. पांढरे. हा हात कितीदा इकडून तिकडे गेला कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, उजव्या डोळ्यातून काढलेले जुने भिंग चहाच्या रंगाचे होते, आता तुम्हाला सगळे स्वच्छ दिसेल. आणि त्यांनी मान डोलावली होती, सभ्यपणे, जसे हे दुसऱ्या कुणाबद्दल चालले आहे. दिवसभर काळा चष्मा, आणि संध्याकाळी नवे दिवे. शंका घ्यायला डोळ्यांना एकही मोकळी घटका मिळाली नव्हती. पण हा बचाव दुसऱ्या कुणाला शोभला असता. ज्याने जन्मभर तुकडा सात उजेडांखाली फिरवून पाहिला, त्याने पेटीतला शेवटचा दिवा, स्वतःच्या कपाळाखालचा, तेवढा तपासला नव्हता. 'दिवे बदललेत कुणीतरी.' कोण हसत होते मागे?

त्यांनी हात खाली घेतला. "हा पडदा तुला कसला दिसतो?"

"कसला म्हणजे?"

"रंग. वर्गात सांगतेस तसा सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

मुलीने पडद्याकडे पाहिले नाही, त्यांच्याकडेच पाहत म्हणाली, "हिरवट."

"कधीपासून?"

"लावला त्या दिवसापासून, बाबा."

"आणि मला कुणी..."

"आईने सांगितलं होतं, त्यांना बोलू नकोस. म्हणाली, त्यांच्या हातचं शेवटचं कापड आहे, राहू दे. मला सवय झालीये, आता आवडतोसुद्धा, म्हणाली. तळ्याकाठी बसल्यासारखं वाटतं म्हणे."

राग आला. येणारच होता. अंगभर आला, कानशिले तापली; पण नेहमीसारखा समोरच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसला तेव्हा त्याला तिथे कुणीतरी आधीच बसलेले आढळले. इतकी वर्षे ती त्या जागी मांडी घालून बसली, संत्री सोलली, 'लावा आता' म्हणाली, आणि त्यांच्या मधाच्या उजेडात एकदाही नव्हती. तिच्या कपाळावर हा असा पातळ उजेड पडत होता, तिच्या पाठीशी हे शेवाळ होते, आणि ती त्यांना काही न विचारता, काही न सांगता त्यांचे हित करत बसली होती. जो उजेड जपायचा म्हणून ते इथे राहिले तो तिच्यावर कधी पडलाच नव्हता. तिचा जो होता, तो हा. आठवडाभर ते त्याच्यावर दात-ओठ खात होते.

"तुम्ही दोघी म्हणजे..." ते म्हणाले. मग एकदम मुलीकडे वळून, आवाज न चढवता, पण एक अक्षरही न वगळता म्हणाले, "तरी दिवे बदलायच्या आधी मला विचारायचं होतंस."

"हो." या खेपेला तिने बॅटरीचा विषय काढला नाही, शेगडीचा काढला नाही. "विचारायला हवं होतं, बाबा. चुकलं माझं."

"आणि हा पडदा हिरवा आहे हेही सांगायचं होतंस. आईने नको म्हटलं तरी."

"हो."

"मग झालं." त्यांनी खिशातली चकती काढून टेबलावर ठेवली. "दवाखान्याला काय कळवलंस?"

मुलीने खाली पाहिले. "काहीच नाही. दिवसभर फोन हातात धरला आणि ठेवला. म्हटलं, या वेळी तुम्ही सांगाल तेच."

मास्तरांनी टेबलावरची चकती बोटाने फिरवली. "आता उचलतील का फोन? उद्या येतो म्हणावं." मग म्हणाले, "उद्याच्यानंतर तो पिवळा उजेड मला पुन्हा दिसायचा नाही. आज बसतो जरा त्याच्यासोबत. तू थेंब नंतर घाल."

ती उठली. दारात थांबून तिने विचारले, अगदी जपून, "हा जुना दिवा... काढू की राहू देऊ?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "राहू दे. उबेला."

ती गेल्यावर ते आपल्या जागी बसले आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवला. मधात थोडा वेळ राहिले. मग हात काढून डाव्यावर ठेवला आणि समोरच्या आसनाकडे, त्यामागच्या पडद्याकडे, तिला दिसत होते तसे पाहिले. तळ्याकाठ, म्हणाली होती. नीट पाहिले तर तसेही दिसत होते. थोड्या वेळाने त्यांनी झाकणाच्या कडेच्या छोट्या खटक्याने तेवढा जुना दिवा मालवला. झाकण थंड होत टिक, टिक बोलू लागले, आणि शेजारचा नवा दिवा त्याचे बोलणे ऐकत जळत राहिला.

न विचारता ज्यांनी हित केले, त्यांच्या हातांना यश असो. ज्यांना त्याचा राग आला, त्यांच्या रागालाही विसावा मिळो. आणि ज्या एकाच दिव्याखाली दोन माणसे दोन निरनिराळ्या उजेडांत जन्मभर सुखाने बसली, तो दिवा कुठल्याही जातीचा असो, त्या घरात तेवत राहो.